नवी सनद, नवा कोट: जिल्हा कोर्टातली पहिली तीन वर्षं

उन्हाळी सुट्टी संपून जूनमध्ये कोर्ट उघडलं की आमच्या बार रूममध्ये नवे काळे कोट दिसायला लागतात. इस्त्री कडक, बँड पांढरेशुभ्र, बगलेत फाईल एकही नाही. आठवडाभर ही मंडळी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसून असतात. मग एक दिवस चहाच्या वेळी त्यातलं कोणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "मॅडम, ओळखी कशा वाढवायच्या?"

मी सांगली भागात बारा वर्षं वकिली करते. पहिली तीन तालुक्याला, पुढची जिल्ह्याला. घरात कुणी वकील नव्हतं. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर. हाच प्रश्न मीही एकाला विचारला होता आणि उत्तर मिळालं होतं, "कार्ड छाप." मी पाचशे कार्डं छापली. त्यातली साडेचारशे अजून घरी आहेत, मुलगी त्यांच्या पाठीवर चित्रं काढते.

कोर्टात ओळख होते ती कामावरून, आणि तीही अगदी बारक्या कामांवरून. तुम्ही नसताना शिरस्तेदार (कोर्टाच्या कचेरीतला मुख्य कारकून), समोरचा वकील आणि दुसऱ्या सीनियरचा कारकून तुमच्याबद्दल काय बोलतात, तीच तुमची ओळख. ती कशी घडते ते क्रमाने सांगते. कंपन्यांची वकिली किंवा मुंबईतल्या मोठ्या फर्मचं जग वेगळं आहे, त्याबद्दल हा लेख नाही.

पहिली पायरी: कागद पुरे करा

सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे नोंदणी फी सर्वसाधारण गटाला ७५० रुपये (६०० राज्य कौन्सिलचे, १५० बार कौन्सिल ऑफ इंडियाचे) आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. देशभरातली राज्य कौन्सिलं पूर्वी वेगवेगळ्या नावांखाली याच्या कितीतरी पट रक्कम घ्यायची. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणीच्या वेळी कायद्यातली फी आणि मुद्रांक शुल्क सोडून दुसरं काही घेता येणार नाही. हा आकडा पाठ करून जा.

मग अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पास व्हायला सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. मराठीत देता येते. टिपा न लिहिलेले मूळ कायदे आत नेता येतात. परीक्षा अवघड नाही, पण आधी मिळते ती तात्पुरती सनद आणि परीक्षा पास व्हायला मुदत दोन वर्षांची. फॉर्म भरायचा विसरून ती दोन वर्षं घालवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरलीत तर सनद स्थगित करावी लागते. "असू दे सनद, कुणाला कळतंय" असं म्हणत नोकरी करणाऱ्यांचं पुढे न्यायाधीशाच्या परीक्षेला कागद तपासताना पितळ उघडं पडतं.

दुसरी पायरी: सीनियर बघून घ्या, सांगून आलेला नको

मामाच्या ओळखीचे वकील, वडिलांच्या मित्राचे वकील, गावचे वकील. बहुतेकांची सुरुवात अशीच होते आणि कधी कधी बरीही होते. तरी माझं ऐकाल तर कुणाकडेही जायच्या आधी आठ दिवस कोर्टात मागच्या बाकावर नुसते बसा. दिवाणी कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, सत्र न्यायालय, रोज वेगळी खोली. वही नको, फोन बंद.

बघायचं काय? आवाजाकडे लक्ष देऊ नका, मोठा आवाज कुणालाही जमतो. बघा की पुकारा झाल्यावर फाईल कोण उघडतो. सीनियर स्वतः पान काढून निशाणी (दाखल कागदावरचा क्रमांक) दाखवतो, की ज्युनिअरकडे वळून "कुठंय ते?" म्हणून खेकसतो? त्याचे ज्युनिअर कधी उभे राहून बोलतात का, की तीन वर्षं नुसत्या फायली उचलतात? उलटतपासात साक्षीदाराला तो घाबरवतो, की साधे प्रश्न विचारत विचारत त्याला हव्या त्या जागी आणतो? आणि पट्टेवाल्याशी कसा बोलतो? जो पट्टेवाल्यावर ओरडतो तो संध्याकाळी ऑफिसात तुमच्यावर ओरडणार.

पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मिश्र काम असलेलं ऑफिस बरं. दिवाणी दावे, थोडं फौजदारी, चेक बाउन्सची १३८ ची प्रकरणं, एखादं वाटपाचं जुनं भांडण. फक्त मोटार अपघाताचंच किंवा फक्त बँकांचंच काम असलेल्या ठिकाणी हात पटकन बसतो, पण एकाच खाचेत बसतो.

पैशाचं बोलायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला पेट्रोलचे पैसे मिळाले तरी लोक खूश होतात. मला पहिले तीन महिने काही नव्हतं, चौथ्या महिन्यापासून तीन हजार. "शिकवतोय ना, मग पैसे कसले?" हे वाक्य मला आजही पटत नाही. फुकट राबायला ज्यांना घरून परवडतं तेच मग या धंद्यात टिकतात आणि बाकीचे दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी परीक्षेच्या क्लासला जातात. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: महिन्याला काय, स्वतःचं एखादं प्रकरण आलं तर चालवू देणार का, आणि संध्याकाळी ऑफिस कितीपर्यंत. मुलींनी तिसरा प्रश्न बेधडक विचारावा. रात्री साडेनऊला शेवटची एसटी गेल्यावर घरी कसं जायचं हा प्रश्न खाजगी नसतो.

तिसरी पायरी: डायरी, पुरशिस, नक्कल

आता खरं काम. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कॉलेजात पुरशिस हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला नसतो. पक्षकाराने किंवा वकिलाने कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन: 'वादीतर्फे आणखी साक्षीदार तपासायचे नाहीत', 'सोबत यादीप्रमाणे कागद दाखल करत आहे'. चार ओळींचा कागद. पण दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, कुणातर्फे, तारीख, सही, समोरच्याला प्रत दिल्याची नोंद, यातलं एक जरी चुकलं तर शिरस्तेदार चष्म्यावरून तुमच्याकडे बघतो आणि ती नजर महिनाभर पुरते. पहिल्या महिन्यात जुन्या निकाली फायलींतल्या पन्नास पुरशिशी, मुदतीचे अर्ज आणि म्हणणी (समोरच्याच्या अर्जावरची लेखी उत्तरं) हाताने उतरवून काढा. टाइप करू नका, हाताने. 'प्रस्तुत कामी', 'येणेप्रमाणे', 'सबब अर्ज' ही भाषा तशीच अंगात येते. खालच्या कोर्टांचं काम आपल्याकडे मराठीतून चालतं आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचं पाणी इथेच जोखलं जातं. सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा वाचता आला नाही तर जमिनीच्या दाव्यात तुम्ही नुसते कोट घातलेले पाहुणे.

नकलेचा, म्हणजे कोर्टातल्या कागदाच्या प्रमाणित प्रतीचा, अर्ज करायला कारकुनाला पाठवू नका, पहिले सहा महिने स्वतः जा. नक्कल विभागात रांगेत उभं राहिलं की कोणता कागद कुठे असतो, रेकॉर्ड रूममधून फाईल यायला किती वेळ लागतो, नाझर (कोर्टाचे पैसे आणि बजावण्या बघणारा) काय करतो, बेलिफाची (समन्स बजावणाऱ्याची) फेरी कधी असते, हे सगळं न विचारता कळतं. तिथल्या माणसांना नावाने ओळखा, 'भाऊ', 'ताई' म्हणा, चहा मात्र पाजू नका. चहा पाजणारा वकील त्यांच्या लक्षात राहतो खरा, पण काय म्हणून राहतो ते वेगळं. अर्ज पूर्ण भरलेला, कोर्ट फीचं तिकीट लावलेला, नंबर बरोबर लिहिलेला दिलात की तुम्ही त्यांचे दहा मिनिटं वाचवलेली असतात. तेवढं पुरतं.

आणि डायरी. दुसऱ्या वर्षी मी एका मनाई हुकमाच्या दाव्यात २१ तारीख ऐकली आणि १२ लिहिली. म्हणजे १२ ला गेले, बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) प्रकरण नाही. वाटलं, पुढे गेलं असेल. विचारायचं राहिलं. २१ ला दावा पुकारला गेला, आमच्या बाजूने कुणी नाही, आणि गैरहजेरीत काढून टाकला गेला. मला कळलं २३ ला, रोजनामा (प्रकरणात रोज काय झालं त्याची कोर्टाची नोंद) बघताना. जिन्यातच पाय लटपटले. त्याच संध्याकाळी सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी फाईल बाजूला ठेवली.

"कधी कळलं?"

"आज दुपारी, सर."

"पक्षकाराला सांगितलंस?"

"नाही अजून."

"आधी त्यांना फोन लाव. इथं माझ्यासमोर."

दावा पुन्हा नंबरावर घ्यायचा अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा असतो. आम्ही तिसऱ्या दिवशी केला, मी शपथपत्रात माझी चूक जशीच्या तशी लिहिली, खर्च भरून दावा पूर्ववत झाला. तो खर्च सरांनी दिला आणि माझ्याकडून दरमहा पाचशे कापून घेतला. आज मी सांगते की उत्तम केलं.

तेव्हापासून मी प्रत्येक तारीख तीन ठिकाणी ठेवते. कागदी डायरी, ऑफिसचा भिंतीवरचा बोर्ड आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं अ‍ॅप. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. तो टाकून प्रकरण अ‍ॅपमध्ये साठवलं की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. रोज संध्याकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं ताळा घ्यायचा. ऑफिसात ज्याची डायरी बरोबर असते त्याला सहा महिन्यांत सगळे विचारायला लागतात. बाजूच्या ऑफिसातलेसुद्धा.

चौथी पायरी: समोरचा वकील

नव्या वकिलाला सगळ्यात जास्त कामं कुठून येतात? नातेवाईक, गाववाले, असं वाटतं. माझ्या पहिल्या दहा स्वतंत्र प्रकरणांतली चार समोरच्या वकिलांनी पाठवलेली होती. त्यांच्याकडे असा पक्षकार येतो ज्याच्या विरुद्ध बाजूला ते आधीच उभे असतात, किंवा भावाभावांच्या वाटपात एकाचं घेतलेलं असतं आणि दुसऱ्याला वकील हवा असतो. तेव्हा ते नाव सुचवतात.

माझं नाव सुचवणाऱ्या एका वकिलांशी मी तोवर दोन वाक्यंही नीट बोलले नव्हते. एकदा आमच्या दाव्याचा पुकारा झाला तेव्हा ते शेजारच्या कोर्टात उलटतपासात अडकले होते. मी उभं राहून म्हटलं, "साहेब, विद्वान वकील शेजारच्या कोर्टात आहेत, थोड्या वेळाने घेतलं तर बरं." पक्षकाराचं काही बिघडणार नव्हतं, अर्ध्या तासाचा प्रश्न होता. ते धावत आले, मान हलवली, विषय संपला. दोन वर्षांनी त्यांच्या मेव्हण्याच्या शेतजमिनीचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

याचा अर्थ समोरच्याला सवलती वाटत सुटा असा नाही. पक्षकाराचा हक्क जात असेल तिथे एक इंचही मागे सरायचं नाही. पण प्रत वेळेवर देणं, मुदतीचा अर्ज करणार असाल तर आदल्या दिवशी फोन करणं, कोर्टात दिलेला शब्द बाहेर न फिरवणं, एवढं फुकट असतं. आणि समोर बसलेल्या पक्षकाराच्या देखत त्याच्या वकिलाची खिल्ली उडवू नका. बार रूममध्ये ती उडवायला सबंध दुपार पडली आहे.

पाचवी पायरी: बार रूम

वकील संघटनेचं सदस्यत्व पहिल्याच महिन्यात घ्या. खुर्ची मिळते, ग्रंथालय मिळतं, मतदानाचा हक्क मिळतो. निवडणुकीच्या दिवसांत अचानक सगळे तुमच्याशी फार गोड बोलायला लागतील, त्याने हुरळून जाऊ नका आणि पहिल्या दोन वर्षांत कुठल्या गटाचा झेंडा खांद्यावर घेऊ नका. त्यापेक्षा ग्रंथालयाचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं. निकालांचे नवे रिपोर्ट लावणं, कोण कोणता खंड घेऊन गेला ते लिहिणं. त्या निमित्ताने पन्नास वर्षांचा वकील तुमच्यापाशी येऊन विचारतो, "ते भोगवट्याचं जजमेंट कुठल्या साली होतं गं?" शोधून दिलंत की तो तुमचं नाव विचारतो.

शोकसभा, निरोप समारंभ, न्यायाधीशांची व्याख्यानं यांना जात जा. मागे बसा, आधी निघू नका.

सहावी पायरी: जिथे गर्दी कमी तिथे काम शिका

विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ते असतं आणि महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पॅनेलवर यायला तीन वर्षांची वकिली लागते, म्हणून नव्यांना वाटतं आपलं तिथे काही नाही. पण लीगल एड डिफेन्स कौन्सेल पद्धतीत (आरोपींना मोफत बचावाचा वकील देण्याच्या व्यवस्थेत) सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षं अनुभवाचेच वकील घेतात. पूर्ण वेळचं काम आहे, त्या काळात खाजगी प्रकरणं घेता येत नाहीत, पण रिमांड, जामीन, साक्षीपुरावा हे सगळं वर्षभरात इतकं हाताखालून जातं की खाजगी ऑफिसात तेवढ्याला पाच वर्षं लागतील. फौजदारीची आवड असेल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा, शनिवारी भरते. सीनियरच्या तडजोड होण्यासारख्या फायली निवडून द्यायचं काम अंगावर घ्या. दोन्ही पक्षकारांशी बोलावं लागतं, विमा कंपनीच्या आणि बँकेच्या माणसांची ओळख होते. पक्षकाराला दोन गोष्टी आधीच सांगा: मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नाही.

महसुली काम. तहसील आणि प्रांत कचेरीत काळा कोट कमी दिसतो, आणि गावाकडची निम्मी भांडणं तिथेच असतात. शेतरस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ चं कलम ५, सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता हवा तर महसूल संहितेचं कलम १४३. या दोन कलमांतला फरक शेतकऱ्याला पाच मिनिटांत समजावून सांगता आला की पुढच्या आठवड्यात त्याच्या भावकीतले दोघे येतात. ग्राहक आयोग तसाच: पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वस्तूसाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच काम चालतं. नवख्याला स्वतंत्रपणे उभं राहायला ही जागा बरी.

सातवी पायरी: रील नको

हे मला फार वेळा सांगावं लागतं. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही, प्रत्यक्ष नाही आणि आडूनही नाही. दलालामार्फत नाही, वर्तमानपत्रात चालवलेल्या खटल्याशी जोडून फोटो छापून नाही. पाटी माफक आकाराची, तिच्यावर आपण अमक्या संघटनेचे पदाधिकारी किंवा अमक्या विषयाचे तज्ज्ञ असं लिहायचं नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं द्यायला परवानगी मिळाली. 'घटस्फोट हवाय? आजच फोन करा' असं ढोलकीच्या तालावर सांगणारी रील यात कुठेच बसत नाही आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार व्हायला एक चिडका पक्षकार पुरतो.

लिहायला, बोलायला मात्र बंदी नाही. कायदेविषयक शिबिरात गावात जाऊन वारसाहक्क समजावून सांगा, स्थानिक दैनिकात बक्षीसपत्रावर लेख लिहा, बचत गटात जाऊन बोला. खाली फोन नंबर टाकू नका. गरज असलेला माणूस पत्ता काढत येतो.

आठवी पायरी: जुन्यांनाही नवं असलेलं तुम्ही आधी शिका

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा गेले; भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. तीस वर्षं ४२०, ४३८, १६४ हे आकडे जिभेवर असलेल्या सीनियरची आता गंमत होते. सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामीन ४८२ खाली, नियमित जामीन ४८३, हायकोर्टाचे अंगभूत अधिकार ५२८. आणि जुनं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अधिकार असल्यामुळे अर्जाच्या शीर्षकात रोज घोटाळे. फसवणूक न्याय संहितेत ३१८; सुरक्षा संहितेत पोटगी १४४, एफआयआर १७३, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब १८३. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खाली, आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळायचा संकेतांक) लिहावी लागते.

माझ्या ऑफिसातली ज्युनिअर मुलगी हे सगळं माझ्याआधी शिकली. मोबाइलचं रेकॉर्डिंग दाखल करायचं असलं की बारमधले चार जण तिच्याकडे येतात, वयाने तिच्या दुप्पट. तिला कुणाशी ओळख करून घ्यायला जावं लागलं नाही.

वाचायचं कसं? सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निकाल ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट आहेत. रोज एक निकाल, पूर्ण. हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, थांबायचं नाही. शिवाय आपल्या कोर्टातल्या न्यायाधीशांचे निकाल ई-कोर्ट्सवर वाचा, त्यांना काय पटतं ते कळतं. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण निघालं आणि सीनियरने जाऊ दिलं तर जरूर जा. मध्यस्थी कायदा २०२३ चा आहे, हे काम वाढत जाणार.

नववी पायरी: कोल्हापूर

आमच्या पिढीला हायकोर्ट म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री मिरजेला गाडीत चढायचं, मांडीवर फाईल, सकाळी मुंबईत आंघोळीची सोय शोधायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ) सुरू झालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर, विदर्भाला नागपूर, गोव्याला तिथलं खंडपीठ आधीपासून आहेच.

नव्या वकिलासाठी याचा उपयोग साधा आहे. आपल्या जिल्ह्यातला निकाल वर गेला की त्या फाईलचा माग सोडू नका. हायकोर्टात चालवणाऱ्या वकिलांना स्वच्छ अनुक्रमणिका, मराठी कागदांचं नीट इंग्रजी भाषांतर, तारखांची यादी असा संच करून द्या. असा संच करणारा माणूस खाली असला की त्यांना तो सोडवत नाही. सुनावणीला स्वतः जाऊन बसा. महिन्यातून एकदा तरी.

दहावी पायरी: परीक्षा द्यायच्या असतील तर

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षा महाराष्ट्रात लोकसेवा आयोग घेतो. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. दाखला प्रधान न्यायिक अधिकाऱ्यांचा, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्यांची मान्यता. म्हणून पहिल्या दिवसापासून ज्या वकीलपत्रावर तुमचं नाव आहे त्याची प्रत, ज्या रोजनाम्यात हजेरी आहे त्याची नोंद, एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. सीनियरला आधीच सांगा की वकीलपत्रावर माझंही नाव टाका. वकिलांच्या वेलफेअर फंडाचं तिकीट लावायला विसरलात तर कोर्ट आठवण करून देईलच.

सुप्रीम कोर्टात अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड (तिथे प्रकरण दाखल करायचा अधिकार असलेला वकील) व्हायला चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष प्रशिक्षण आणि चार पेपर. दिल्लीला जायचंच असेल तर आत्तापासून इंग्रजी मसुदे लिहायला लागा, बाकी वेळ आहे.

शेवटची पायरी: सीनियरचं ऑफिस सोडताना

तीन वर्षं झाली, स्वतःची पाच-सहा प्रकरणं झाली, आता वेगळं टेबल लावावंसं वाटतं. दोन महिने आधी सांगा, तोंडाने सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. हातातल्या प्रत्येक फाईलची यादी करा: पुढची तारीख, टप्पा, काय बाकी, पक्षकाराचे किती कागद आपल्याकडे आहेत. ऑफिसचे पक्षकार मागे यायला लागले तर त्यांना परत सरांकडे पाठवा. तरीही आले तर आधी सरांची ना-हरकत, मगच तुमचं वकीलपत्र. आणि टेबल शक्यतो त्याच बारमध्ये लावा. मी दोन खिडक्या सोडून लावलं. आजही अडलं की उठून सरांच्या टेबलापाशी जाते, आणि ते आधी विचारतात, "तारीख बघितलीस का नीट?"